होडीवाल्याचा नकार

झांबियाच्या उत्तर भागात बांगवेउलू नावाचे एक प्रचंड पाणथळ आहे. या नावाचा अर्थ 'पाणी जिथे आभाळाला भेटते ती जागा' असा सांगितला जातो. नकाशावर पाहिले असता त्याचे तीन भाग दिसतात. वायव्येस एक उथळ सरोवर, त्याच्या आग्नेयेस पपायरस आणि बोरूच्या रानांनी भरलेली दलदल, आणि दलदलीच्या कडेने दरवर्षी पाण्याखाली जाऊन पुन्हा उघडी पडणारी गवताळ मैदाने. चांबेशी नदी ईशान्येकडून या दलदलीत शिरते, असंख्य फाट्यांत विरून जाते, आणि तेच पाणी दक्षिणेकडून लुआपुला हे नाव धारण करून बाहेर पडते. पुढे ते कांगो नदीला मिळते. कांगोच्या उगमांपैकी सर्वांत दूरचा उगम चांबेशीचाच मानला जातो.

आम्ही काही स्नेही मंडळी येत्या जून महिन्यात तिथे जाण्याचा बेत करीत आहोत. निमित्त शूबिल या पक्ष्याचे. आमच्यातील काही जण पक्षी पाहणारे, काही जुनी प्रवासवर्णने चाळणारे. त्यामुळे तयारीच्या काळात मेजाच्या एका बाजूस रस्ते, मुक्काम आणि औषधे यांच्या याद्या साचत गेल्या आणि दुसऱ्या बाजूस एकोणिसाव्या शतकातले प्रवासी येऊन बसले. दोन्ही ढीग स्वतंत्रच राहतील असे वाटले होते. पण जसजसे वाचन वाढले तसतसा दोहोंतून एकच प्रश्न वर येऊ लागला. दलदलीत बाहेरून आलेल्या माणसाने कुठवर जावे, आणि ते ठरवायचे कोणी? प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

*

कोणत्याही पाणथळाच्या प्रवासात पहिला निर्णय महिन्याचा असतो. बांगवेउलू विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तिथला पावसाळा आपल्या उलट, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा. परंतु पावसाचे महिने आणि पुराचे महिने एक नव्हेत. प्रदेश इतका सपाट आहे की वरचे पाणी सावकाश येते, सावकाश पसरते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास आपली सर्वांत वरची खूण गाठते. मग ते ओसरू लागते. ओसरत्या पाण्यामागे उथळ डबकी उरतात, डबक्यांत मासे अडकतात, माशांमागे पक्षी येतात आणि मोकळ्या झालेल्या मैदानांवर काळ्या लेचवे हरणांचे कळप चरायला उतरतात. हे हरीण निसर्गतः याच प्रदेशाचे. त्याचे सारे चलनवलन पाण्याच्या काठाबरोबर मागेपुढे सरकत असते.

शूबिललाही हेच वेळापत्रक लागू आहे. भर पावसात तो असतो, पण तिथवर जाणारे कच्चे रस्ते चिखलात बुडालेले असतात. ऑगस्टनंतर रस्ते कोरडे होतात, पण तोवर पाणी मागे हटून पक्षी कायमच्या दलदलीच्या गाभ्यात गेलेला असतो. पक्ष्याला पाणी हवे आणि गाडीला जमीन हवी. या दोन गरजा एकमेकींना सोसतात ते मे ते जुलै या थोड्याशा आठवड्यांत. त्या आठवड्यांची किंमतही मोजावी लागते. युरोप आणि आशियातून येणारे स्थलांतरित पक्षी तेव्हा उत्तरेत आपल्या विणीच्या घरी असतात, म्हणजे पक्ष्यांची यादी आखूड होणार. शेजारच्या कसांका राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात लक्षावधी फलाहारी वटवाघळे एका लहानशा दलदली रानात उतरतात, तेही दृश्य हुकणार. सर्व काही एकाच फेरीत पाहू इच्छिणाऱ्याला बांगवेउलू पहिल्याच पायरीवर काहीतरी सोडून द्यायला लावते.

तिथल्या माणसांचे पंचांगही पाण्यावरच बेतलेले आहे. झांबियात १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाळी बंदीची ज्यांना सवय आहे त्यांना यातले तर्कशास्त्र वेगळे समजावून सांगायला नको. बंदी उठली की दलदलीतल्या उंचवट्यांवर कोळ्यांच्या तात्पुरत्या वस्त्या उभ्या राहतात. डब्ल्यू. व्ही. ब्रेल्सफर्ड या वसाहती अधिकाऱ्याने १९४६ साली बांगवेउलूच्या दलदलीतील मच्छीमारांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते वाचताना ध्यानात येते की बाहेरच्याला जी निव्वळ गवताची आणि पाण्याची सपाटी दिसते, तिच्यात उंगा लोकांच्या लेखी बांध, वाटा, पाणवाटा आणि त्यांवरचे हक्क यांची दाट वीण आहे. रिकामी जागा अशी तिथे नाहीच.

*

आता पक्ष्याकडे वळू. शूबिल उंचीला चार फुटांच्या आसपास असतो. अंगाचा रंग पाटीसारखा राखी. चोच जवळजवळ वीतभर लांब, तेवढीच भरदार, टोकाला आकडा असलेली. एखादी जुनी लाकडी खडाव कुणी पक्ष्याच्या तोंडावर बांधून ठेवावी तशी. अरबी भाषेत त्याला 'अबू मरकूब', म्हणजे जोड्याचा बाप, असे म्हणतात. तो तासन्‌तास निश्चल उभा राहतो. पाण्यातून हवा घ्यायला वर येणाऱ्या फुफ्फुसमाशाची किंवा मांगुराच्या जातीच्या माशाची चाहूल लागली की सगळे शरीर एकदम पुढे झोकून देतो. काही झेपा वाया जातात. मग पंख आवरून तो पुन्हा उभा राहतो.

विज्ञानाच्या दफ्तरात या पक्ष्याची नोंद झाली ती १८५० साली. मॅन्सफिल्ड पार्किन्स या इंग्रज प्रवाशाने वरच्या श्वेत नाईलच्या प्रदेशातून त्याचे नमुने आणले आणि जॉन गूल्ड यांनी त्याचे वर्णन करून 'बॅलेनिसेप्स रेक्स' हे नाव दिले. गूल्ड यांना त्याचे नाते पेलिकनशी आहे असे वाटले होते. पुढच्या पिढ्यांना ते पटले नाही. लांब पाय, चिखलात उभे राहण्याची रीत यांमुळे त्याला करकोच्यांच्या पंक्तीत बसवण्यात आले, कुणी बगळ्यांच्या. १९५७ साली पॅट्रिशिया कॉटम यांनी हाडांच्या अभ्यासावरून पेलिकनची बाजू पुन्हा मांडली आणि अखेरीस जनुकीय अभ्यासांनी तिला दुजोरा दिला. आज शूबिल पेलिकनच्या गणात मोडतो. शंभराहून अधिक वर्षे हा पक्षी कोणाचा कोण हे ठरवताना विद्वानांना दम लागला. त्याचे कारण सोपे आहे. तो जिथे राहतो तिथे विद्वान फारसे राहू शकत नाहीत. कातडी आणि हाडे दूरच्या शहरांत जात होती, जिवंत पक्षी दलदलीतच उभा होता.

*

बांगवेउलूच्या इतिहासात बाहेरच्यांचे सर्वांत प्रसिद्ध पान डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे. नाईलचा उगम शोधण्याच्या ध्यासात ते १८ जुलै १८६८ रोजी या सरोवराच्या काठी पोचले. इकडचे पाणी उत्तरेला जाऊन नाईलला मिळत असावे अशी त्यांची धारणा होती. होडी मिळवून ते बेटांकडे निघाले आणि म्बाबाला नावाच्या बेटापर्यंत गेले. तिथे होडीवाल्यांनी पुढे यायला नकार दिला. होडी चोरीची आहे, मालक मागावर येतील, असे कारण त्यांनी सांगितले. लिव्हिंग्स्टन परतले. पुढचे सरोवर त्यांनी पाहिले नाही. बेटावरून दिसलेल्या क्षितिजांवरून आणि ऐकीव माहितीवरून अंदाज बांधला, आणि तो अंदाज सरोवराला वास्तवाहून फार मोठे करून गेला. त्या फेरीतली त्यांची रेखांशाची मापेही चुकली होती.

या घटनेचे वर्णन बहुतेक चरित्रांत एका वाक्यात उरकले जाते. आमचे मन मात्र तिथे अडकले. होडीवाल्यांचे कारण खरे होते की नव्हते हे आता ठरवता येणार नाही. परंतु 'इथून पुढे नाही' हे वाक्य बांगवेउलूच्या लिखित इतिहासात इतक्या आरंभीच येते ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. परक्याने सरोवर जेवढे पाहिले तेवढे होडीवाल्यांनी दाखवले. उरलेले त्याने कल्पनेने भरले, आणि चूक झाली ती त्या भरलेल्या भागात.

चार वर्षांनी लिव्हिंग्स्टन पुन्हा आले. ऑगस्ट १८७२ मध्ये आजच्या टांझानियातल्या टाबोराजवळून निघालेला तांडा बांगवेउलूपाशी पोचेतो पावसाळा भरात आला होता. १८७३ चे पहिले चार महिने या तांड्याने पाण्यात काढले. जिथे सरोवराचा काठ असेल असे जुनी मापे सांगत होती तिथे तो नव्हता. जिथे जमीन अपेक्षित होती तिथे छातीइतके पाणी. पाणी झिरपणाऱ्या त्या गवताळ खोलगटांना लिव्हिंग्स्टन आपल्या दैनंदिनीत 'स्पंज' म्हणतात. ते स्वतः रक्तस्रावाने खंगले होते आणि खोल पाण्यातून त्यांना सोबत्यांच्या खांद्यांवर बसून जावे लागत होते. मतिपा नावाच्या प्रमुखाने होड्या द्यायला दिवसामागून दिवस चालढकल केली, तेव्हा लिव्हिंग्स्टन यांचा धीर सुटला. त्यांनी मतिपाच्या घराचा ताबा घेतला आणि छपरातून पिस्तुलाचा बार काढला. होड्या मिळाल्या. मतिपाची बाजू आपल्याला कळते ती लिव्हिंग्स्टन यांच्याच लेखणीतून, त्यामुळे त्याच्या मनात काय होते यावर तर्क लढवण्यात अर्थ नाही. एवढे मात्र दिसते, की १८६८ साली नकारापुढे थांबलेला माणूस १८७३ साली नकारापुढे थांबू शकला नाही, आणि मार्चच्या त्या चढत्या पाण्यात पुढे जाऊन त्याच्या हाती काही लागले नाही. त्यांची शेवटची नोंद २७ एप्रिलची आहे. मेच्या अगदी आरंभी, दलदलीच्या दक्षिणेस इलाला प्रदेशात चितांबो या प्रमुखाच्या गावी त्यांचा मृत्यू झाला.

*

इथून पुढची कथा मराठी वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे, कारण तिचा एक धागा नाशिकला आणि एक मुंबईला येऊन पोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडत असे. त्यांवरून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात, आणि त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूर येथील ख्रिस्ती मिशनच्या आश्रयाला पाठवली जात. नाशिककरांना शरणपूर रस्ता रोजच्या वापरातला आहे. त्या नावामागे हेही एक प्रकरण आहे. तिथे या मुलांना लिहिणे-वाचणे, इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम असे शिक्षण मिळे. लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये 'लेडी न्यासा' नावाची आपली लहानशी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आले होते. त्यांच्याबरोबर आलेला चुमा हा मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला. हेच ते विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे. सुसी आणि आमोदा हे दुसरे दोघे मुंबईच्या गोदीत कामाला लागले. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून अखेरच्या मोहिमेवर निघाले तेव्हा हे तिघे, शरणपूरचे नऊ तरुण आणि मुंबईच्या पलटणीतले काही शिपाई त्यांच्यासोबत होते. शिपायांना त्यांनी त्याच वर्षी परत धाडले. शरणपूरच्या तरुणांविषयीही त्यांनी दैनंदिनीत भरपूर तक्रारी लिहिल्या. तरीही १८६६ मध्ये निघालेल्या मंडळींपैकी अखेरपर्यंत टिकलेल्या पाचांत सुसी, चुमा आणि आमोदा यांच्या जोडीला मब्रुकी आणि गार्डनर हे दोघे शरणपूरचेच होते. १८७२ साली स्टॅन्ली यांनी झांझिबारहून जी कुमक पाठवली तिच्यात शरणपूरच्या आणखी काही तरुणांची भर पडली. त्यांतला एक जेकब वेनराइट.

लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा निर्णय या माणसांना करायचा होता. त्यांनी हृदय आणि आतडी चितांबोच्या गावी एका झाडाखाली पुरली. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व दिनांक कोरला. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि सालीत गुंडाळला, आणि साठेक माणसांचा तो तांडा समुद्राकडे निघाला. दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, सुमारे नऊ महिने, वाटेत अनेकांचे मृत्यू. टाबोराजवळ त्यांची गाठ लेफ्टनंट कॅमेरॉन या ब्रिटिश अधिकाऱ्याशी पडली. त्याने सुचवले की देह इथेच पुरावा, पुढची वाट धोक्याची आहे. त्यांनी नकार दिला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोचले.

या नकाराला इतिहासाने निष्ठा असे नाव दिले आणि त्यावर समाधान मानले. आम्हाला वाटते, निष्ठेइतकाच तो माहितगारीचा नकार होता. ती वाट, त्या वाटेवरचे प्रमुख, कुठे कर द्यावा लागेल आणि कुठे देह लपवून न्यावा लागेल हे कॅमेरॉनपेक्षा चुमा आणि सुसी यांना अधिक ठाऊक होते. धोक्याचा अंदाज त्यांचा होता, म्हणून निर्णयही त्यांचाच होता. तो निभावला.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला. शवपेटीच्या सोबत्यांत एकच आफ्रिकी होता, जेकब वेनराइट. चुमा आणि सुसी यांना वेळेवर नेण्याचे कुणाला सुचले नाही. ते नंतर त्याच वर्षी इंग्लंडात गेले आणि लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या दैनंदिनीचे संपादन करणाऱ्या होरेस वॉलर यांना वाटांचे आणि घटनांचे तपशील त्यांनीच पुरवले. म्हणजे बांगवेउलूचे जे पहिले सविस्तर वर्णन जगाने वाचले, त्यातला मोठा भाग या दोघांच्या स्मरणशक्तीवर उभा आहे. मुखपृष्ठावर नाव अर्थातच एकाचे. पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यातल्या माणसांसाठी रौप्यपदके पाडली. तोवर बहुतेक जण आपापल्या वाटांनी पांगले होते आणि बरीच पदके त्यांच्यापर्यंत पोचलीच नाहीत. १८९९ मध्ये ते झाडही तोडले गेले आणि अक्षरे कोरलेला तुकडा लंडनला गेला. १९०२ पासून त्या जागी एक दगडी स्मारक उभे आहे. शूबिलच्या कातड्यांप्रमाणेच जेकबची अक्षरेही शेवटी संग्रहात जाऊन पोचली.

सरोवराचा खरा आकार नकाशावर यायला आणखी वेळ लागला. १८८३ मध्ये व्हिक्टर जिरो हा फ्रेंच नौदल अधिकारी तिथे पोचला आणि १८९६ मध्ये पूलेट वेदर्ली याने सरोवराला वळसा घालून नकाशा केला. चितांबोच्या भागातला मच्छीमार या काळात काय करीत होता याची नोंद अर्थातच नाही. तो बहुधा मासे धरीत होता, आणि सरोवर किती मोठे आहे हे त्याला ठाऊक होते.

*

आता वर्तमानाकडे. बांगवेउलूच्या दलदलीला १९९१ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. २००८ पासून तिथल्या सुमारे सहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचे व्यवस्थापन सरकारी वन्यजीव खाते, सहा स्थानिक लोकसमूहांची मंडळे आणि 'आफ्रिकन पार्क्स' ही संस्था मिळून पाहतात. हे रूढ अर्थाने राष्ट्रीय उद्यान नव्हे. माणसे तिथेच राहतात, मासे धरतात, जमीन परंपरेने त्यांची आहे.

शूबिलपुढचे संकट गेल्या काही दशकांत बदलले आहे. अधिवासाचा ऱ्हास, गवताला लावलेल्या आगी, घरट्यांजवळची वर्दळ ही जुनी कारणे आहेतच. त्यांत पिल्लांच्या चोरट्या व्यापाराची भर पडली. हा पक्षी दुर्मीळ आणि चमत्कारिक दिसतो म्हणून खाजगी संग्राहकांना हवा असतो. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि त्यांतून सहसा एकच पिल्लू जगते, त्यामुळे एकेका घरट्याची हानी मोठी असते. जगात या पक्ष्याची संख्या काही हजारांच्या घरात आहे आणि तो संकटग्रस्त गणला जातो. घरटे कुठे आहे हे ज्याला ठाऊक असते तो मच्छीमारच असतो; पूर्वी व्यापाऱ्याचा दलाल त्याच्याकडेच येई. बांगवेउलूत जो उपाय काढला गेला तो इथूनच निघाला. स्थानिक मच्छीमार कुटुंबांतल्या माणसांना घरट्यांचे राखणदार म्हणून वेतनावर नेमले गेले. पिल्लू उडेपर्यंत घरट्यावर नजर ठेवायची आणि कुणालाही, म्हणजे चोरालाही आणि कॅमेरेवाल्या पाहुण्यालाही, ठरल्या अंतराच्या आत येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. पलीकडे दुसऱ्या अंड्यातून निघणारी पिल्ले वाढवून दलदलीत सोडण्याचा प्रयत्नही अलीकडच्या वर्षांत सुरू झाला आहे.

म्हणजे १८६८ मधला होडीवाला आज पुन्हा होडीच्या टोकाशी उभा आहे आणि 'इथून पुढे नाही' असे पुन्हा म्हणतो आहे. फरक इतकाच, की आता त्या नकारासाठी त्याला पगार मिळतो. पक्षी वाचतो आहे तो या नकारामुळे. आणि पाहुण्याकडून येणारा पैसा या व्यवस्थेला लागतोच; सगळे पाहुणे घरी बसले तर राखणदाराचा पगार कुठून यायचा? यात एक अवघड गाठ आहे, ती लपवण्यात हशील नाही. आमच्यासारखे लोक त्या नकाराचा खर्चही भागवतात आणि त्या नकारावर सर्वांत मोठा दबावही तेच आणतात. हजारो रुपये खर्चून, समुद्र ओलांडून आलेला माणूस होडीवाल्याला सांगतो, 'अजून थोडे जवळ.' पिस्तुलाची जागा आता बक्षिसीने घेतली आहे. मागणी तीच आहे.

*

या वाचनाचा परिणाम बेतावर झाला, तो थोडक्यात सांगतो. कुणाला तसाच प्रवास करायचा असेल तर उपयोगी पडेल.

लुसाकाहून उत्तरेकडच्या हमरस्त्याने निघून सेरेंजे ओलांडल्यावर डावीकडे कसांकाचा रस्ता लागतो. कसांकापर्यंतचे अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे एक पूर्ण दिवस. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी लिव्हिंग्स्टन यांच्या स्मारकाशी थांबून, कच्च्या रस्त्याने दलदलीच्या कडेवरच्या चिकुनीकडे. हा रस्ता मागच्या पावसाने कसा ठेवला आहे याची चौकशी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा करावी, इंधन आणि धान्य सोबत असावे. हिवतापाची औषधे वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावीत आणि पीतज्वराच्या लशीच्या प्रमाणपत्राचे नियम आपला जाण्यायेण्याचा मार्ग कोणत्या देशातून आहे हे पाहून आधी तपासावेत. जूनमधल्या रात्री तिथे चांगल्याच थंड असतात. आफ्रिका म्हणून सुती कपडेच भरणारा कुडकुडतो. दलदलीत काही अंतर ओंडक्याच्या होडीने आणि काही अंतर पायी जावे लागते. पायाखाली पुष्कळदा जमीन नसते, पाण्यावर तरंगणारी मुळांची आणि गवताची गादी असते. वाटाड्याने जिथे पाऊल टाकले तिथेच पाऊल टाकायचे. शूबिलखेरीज वॉटल्ड क्रेन, मत्स्यगरुड, कमळपक्षी, दलदली ससाणे असे पुष्कळ काही दिसेल. त्यासाठी वेगळी धावपळ करायची गरज नाही.

दलदलीच्या काठी किती रात्री राहायचे यावर आमच्यात बराच खल झाला. हिशेबाने दोन रात्री पुरतात. तिसरी रात्र घ्यावी असे पक्षीवाले म्हणत होते. अखेर चार ठरल्या, आणि चौथीचे कारण पक्षी नव्हे. वाटाड्याने एखाद्या सकाळी 'आज नाही' म्हटले, वारा आहे म्हणून, घरटे जवळ आहे म्हणून, पाणी चढले म्हणून, किंवा कोणतेही कारण न देता, तर त्याच्याशी वाद घालण्याची इच्छाच आपल्याला होऊ नये एवढी फुरसत बेतात असली पाहिजे. माणूस उर्मट होतो तो पुष्कळदा वेळ संपत आल्यामुळे. १८७३ च्या मार्चमध्ये लिव्हिंग्स्टन यांच्याजवळ वेळ उरला नव्हता, हे त्यांच्या पिस्तुलाचे एक स्पष्टीकरण आहेच. ज्या दिवशी दलदलीत जाणे होणार नाही त्या दिवसाचाही वाटाड्याचा मोबदला पूर्ण द्यायचा, आणि तसे आधीच कळवायचे, हेही ठरले. नाही तर त्याचा नकार त्यालाच महाग पडायचा.

स्मारकाशी थांबण्याविषयीही दोन मते पडली. एका दगडी सुळक्यासाठी अर्धा दिवस का घालवावा, असे काहींचे म्हणणे. आम्ही थांबणार आहोत, आणि ते लिव्हिंग्स्टन यांच्यापेक्षा त्या झाडाच्या खोडावर चाकूने अक्षरे कोरणाऱ्या, शरणपुरात लिहायला शिकलेल्या तरुणासाठी. झाड आता तिथे नाही. तरी नाशिकहून तिथवर गेलेल्या एका माणसाने हा मृत्यू जगाला वाचता येईल अशा अक्षरांत नोंदवला ती जागा पाहावी, असे आमच्यातल्या नाशिककरांचे म्हणणे पडले, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

पक्ष्यांच्या नोंदवहीचा नमुनाही तयार झाला आहे. पहिला रकाना दिनांकाचा, दुसरा पाण्याच्या पातळीचा, तिसरा होडी चालवणाऱ्याच्या आणि वाटाड्याच्या नावाचा, त्यानंतर पक्षी. चौथ्या दिवसाचे पान सध्या कोरे ठेवले आहे.